करदोडा सैल झाला तेव्हा

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, त्यातही अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत, अंगात रक्त कमी असण्याचं कुणाला नवल वाटत नाही. गरोदर बाईचं कमी असतं, शाळकरी मुलीचं कमी असतं, ऊसतोडीहून परतलेल्या गड्याचं कमी असतं. दवाखान्यात कागदावर आकडा लिहिला जातो, लोहाच्या गोळ्या मिळतात, माणूस घरी येतो. सातपुड्याच्या या पट्ट्यात सिकलसेल आहे, कुपोषण आहे, पोटात जंत आहेत, हिवताप येऊन गेलेला असतो. कारणं इतकी हाताशी असतात की आणखी एखादं शोधावं असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्या वडिलांच्या जठरात कॅन्सर वाढत होता तेव्हा नेमकं हेच झालं. चिन्हं दिसत होती. पण प्रत्येक चिन्हाला गावात आधीपासून एक उत्तर होतं, आणि ते उत्तर एरवी दहांपैकी नऊ वेळा खरंही असतं.

माझे वडील, आबा, साठीच्या अलीकडचे. मोलगीच्या रस्त्याला, देवगोई घाट चढायच्या आधी आमचं गाव. थोडी उताराची जमीन, तीत ज्वारी, मका, उडीद. पावसाळा संपला की घरात धान्य असतं, पैसा नसतो. म्हणून दिवाळी झाली की आबा आणि आई कोयत्यावर जात. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार, अशी जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या भरायच्या आणि गुजरातेत बारडोली, मढीच्या बाजूला साखर कारखान्यांच्या पडावावर जायचं. आमच्या भागातली हजारो माणसं असंच वर्ष काढतात. मी तळोद्याला शिक्षक झालो, बहीण गावातच आशा सेविका म्हणून काम करू लागली, तरी आबांचं जाणं थांबलं नव्हतं. बसून खाणं त्यांना मानवत नसे.

सुरुवात जळजळीने झाली. ज्वारी काढायच्या दिवसांत ते बोलता बोलता छातीच्या खाली, बरगड्या मिळतात तिथे हात दाबून धरत. आयुष्यात कधी पोटाची तक्रार न केलेला माणूस. गावाने लगेच मिरचीवर बोट ठेवलं. नंदुरबारच्या बाजारात हंगामात ओल्या लाल मिरचीचे ढीग लागतात, शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडते, रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागतो. आमच्या घरातली चटणीही लालभडक. तेव्हा दोष मिरचीलाच गेला आणि आबांनी ती सोडली. पुढे मी डॉक्टरांना हे मुद्दाम विचारलं. मिरचीने जठराचा कॅन्सर होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. तंबाखू, भरपूर मिठात टिकवलेले पदार्थ आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू यांचा संबंध मात्र पक्का आहे. आबांचं तंबाखू मळणं चालूच होतं, आठवडे बाजारातून खारवलेली सुकी मासळी येतच होती.

जळजळीवर दुकानातून आम्लपित्ताची गोळी आली. गोळीने बरं वाटलं, आणि नेमकं तेच फसवं असतं. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्या साध्या अल्सरची आग शमवतात तशी कॅन्सरच्या जखमेचीही शमवतात. वरचा थर काही दिवस भरून आल्यासारखाही दिसू शकतो. त्यामुळे गोळीने आराम पडला, म्हणजे आजार साधाच, हा हिशेब जुळत नाही. पाहायचं ते वेगळंच. साठीजवळच्या माणसाला ही जळजळ जन्मात पहिल्यांदा सुरू झाली होती, आणि गोळी थांबवली की आठवडाभरात परत येत होती.

दिवाळीनंतर ते पडावावर गेले. तिथलं सगळं आम्हाला नंतर आईकडून कळलं. दुपार झाली की आबा उसाच्या सरीत बसून राहत. दम लागे. जोडीचं काम मागे पडू लागलं तेव्हा आई स्वतः कोयता घेऊन तोडू लागली. अंगदुखीच्या गोळ्या तर पडावावर सगळेच खातात, आबाही खात. या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला जखमा होतात, त्यातून रक्तही जातं, म्हणजे आणखी एक तयार उत्तर. थकव्याबद्दल मुकादम म्हणाला, वय झालं. पहाटे अंधारात उठून दिवसभर वाकणाऱ्या माणसाला थकवा येतो, यात त्याचं काय चुकलं?

होळीला ते परत आले. आमच्याकडे होळी हा वर्षाचा मोठा सण. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. तरुणपणी आबांनी नवस बोलून, अंगावर ठिपके रंगवून, कमरेला भोपळे बांधून त्या होळीत नाच केलेला. त्या वर्षी ते काठीला आलेच नाहीत. घरी कोंबडी शिजली होती. वास आला आणि त्यांनी तोंड फिरवलं. अर्धी भाकरी डाळीत कुस्करून खाल्ली आणि म्हणाले, “पोट भरलं.”

“आबा, अजून ताट तसंच आहे.”

“भरलं रे. गळ्यापर्यंत आलं.”

अर्ध्या भाकरीत पोट गच्च वाटणं, हे या आजाराचं एक महत्त्वाचं लक्षण आहे. जठर एरवी अन्न येईल तसं सैल होत जातं. भिंतीत गाठ पसरली की ती ताठर होते, किंवा खालचा दरवाजा अरुंद होतो आणि अन्न पुढे सरकत नाही. मांस नकोसं होणं हेही अनेक रुग्ण सांगतात. पण गावात त्याचं उत्तर मोहाची दारू होतं. दारू पिणाऱ्याची भूक मरते हे सगळ्यांना माहीत. आबा प्यायचे, सणासुदीला आणि लग्नाकार्यात. रोजचे पिणारे ते नव्हते. पण एकदा दारूचं नाव निघालं की पुढचं कुणी विचारत नाही. माझ्या मते आमच्या आदिवासी भागातल्या पोटाच्या रुग्णांचं यानेच फार नुकसान होतं. दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न ‘पितो का’ असा येतो, उत्तर ‘हो’ आलं की तपासणी तिथेच अर्धी होते.

वजन घटल्याचं आम्हाला वजनकाट्याने कळलं नाही. घरात काटा नाही, आणि ऊसतोडीहून परतलेला माणूस वाळलेलाच असतो. आईला ते करदोड्यावरून कळलं. आबांच्या कमरेचा काळा करदोडा अंघोळीच्या वेळी घसरून मांडीपर्यंत येऊ लागला. तिने त्याची गाठ आत घेऊन बांधली. पाऊस पडायच्या आधी परत सैल झाला, परत बांधली. एरवी ऊसतोडीहून आल्यावर दोन महिने घरचं खाणं मिळालं की आबांच्या अंगावर मांस चढायचं. त्या वर्षी घरी बसूनही उतरत चाललं होतं. काम थांबल्यावरही वजन घटत राहतं, हा फरक आईने नेमका टिपला होता. मात्र तिला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता अशा गोष्टी परक्यापुढे सांगायची तिला सवय नाही.

जूनमध्ये आबा बांधावर चक्कर येऊन पडले. एका खासगी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सातच्या आत निघालं. डॉक्टरांनी विचारलं, घरात सिकलसेल आहे का? होतं. बहिणीने गावातल्या तपासणी मोहिमेत सगळ्या घराची तपासणी करून घेतली होती आणि आबा सिकलसेलचे वाहक निघाले होते. तसं कार्डही घरात होतं. कार्ड पाहून प्रश्न मिटला. सिकलसेलमुळे रक्त कमी, लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, महिन्याने या. आम्ही निश्चिंत होऊन घरी आलो. इतक्या दिवसांच्या सगळ्या त्रासाला एक नाव मिळालं होतं.

गोळ्या सुरू झाल्यावर संडास काळी होते, हे बहिणीला प्रशिक्षणात शिकवलेलं. गरोदर बायकांना ती स्वतःच सांगते की घाबरू नका, लोहाचा रंग आहे तो. त्यामुळे आईने काळ्या संडासचा विषय काढला तेव्हा तिने तेच सांगितलं.

गोळ्या नेमाने घेऊनही महिन्याने रक्त वाढलं नाही, उलट थोडं उतरलं. तेव्हा बहीण आबांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. मी शाळेतून तिथेच पोचलो. तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सिकलसेलचं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “बाबांना लहानपणापासून सांधे दुखायचे का? कधी रक्त भरावं लागलं?”

“कधीच नाही,” आई म्हणाली. “ते तर बैलाच्या जागी नांगराला जुंपले असते तरी चालले असते.”

“मग हे सिकलसेलचं नाही. बाबा वाहक आहेत. वाहकाला त्या आजाराने रक्त कमी होत नाही.”

ही एवढी साधी गोष्ट आमच्या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक असायला हवी. सिकलसेलचा रुग्ण वेगळा आणि वाहक वेगळा. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर माणूस रुग्ण होतो; त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर मोडतात, रक्त कमी होतं, हाडं-सांधे ठणकतात, आणि हे बालपणापासून चालतं. एकाकडूनच दोष आलेला वाहक सहसा धडधाकट आयुष्य जगतो. त्याचं हिमोग्लोबिन इतरांसारखंच राहतं. लग्न जुळवताना आणि मुलं होताना काळजी घ्यायची, म्हणून त्याला कार्ड दिलेलं असतं. साठीला आलेल्या वाहकाचं रक्त अचानक उतरलं तर कारण दुसरीकडे शोधायचं.

डॉक्टरबाईंनी रक्ताच्या अहवालातला दुसरा एक आकडा दाखवला, पेशींच्या आकाराचा. आबांच्या पेशी लहान आणि फिक्या होत्या. शरीरातलं लोह संपलं की असं होतं. बाईचं लोह पाळीतून, बाळंतपणातून जातं. पाळी नसलेल्या बाईचं आणि पुरुषाचं लोह एवढं कसं संपेल? खाण्यात कमी पडलं असेल, पोटात आकडेकृमी असतील (अनवाणी शेतात फिरणाऱ्यांना ते असू शकतात), किंवा पोटात कुठेतरी थेंबथेंब रक्त झिरपत असेल. पहिल्या दोन गोष्टींवर उपचार करायचेच, पण तिसरी पाहिल्याशिवाय सोडायची नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्या आबांकडून आईकडे वळल्या.

“संडास काळी होते का?”

“होते.”

“गोळ्या सुरू झाल्यावर की आधीपासून?”

“आधीपासून. होळीच्याही आधी, पडावावर असताना. मध्ये थांबली, परत झाली.”

“कशी असते? घट्ट?”

आई संकोचली. मग बोलली. स्वच्छ भारतमध्ये बांधलेलं आमचं शौचालय ती धुते. आबांनंतर भांड्याला काळं चिकटून राहायचं, दोन बादल्या ओतल्या तरी निघत नसे, आणि वास इतका वाईट की तिला उलटी यायची. लोहाच्या गोळीने होणारी संडास काळपट हिरवी असते, बांधलेली असते, तिला असा वास नसतो. जठरातून झिरपलेलं रक्त आतड्यातून पचत खाली येतं तेव्हा ती डांबरासारखी काळी, चिकट, चमकदार आणि दुर्गंधीयुक्त होते. आबांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं. मागे वळून पाहायची पद्धत नाही आणि वर्षानुवर्षं शिवारात जाणाऱ्या माणसाला पाहायचं कारणही नसतं.

मग डॉक्टरबाई आईला एकेक विचारत गेल्या. जळजळ कधीपासून, भाकरी किती, मांस का सोडलं, करदोडा किती वेळा बांधला, उलटी होते का, सकाळी खाल्लेलं संध्याकाळी उलटीत पडतं का, घास गिळताना अडकतो का. आईने सगळी उत्तरं दिली, सणावारांच्या खुणेने, क्रमाने. इतके महिने जे तुकड्यातुकड्याने वेगवेगळ्या माणसांनी ऐकलं होतं, ते पहिल्यांदा एका जागी आलं. जळजळ मिरचीची, थकवा उसाचा, भूक दारूची, रक्त सिकलसेलचं, संडास गोळ्यांची: पाच उत्तरं पाच जणांनी दिलेली. पाचही चिन्हं एकाच माणसात, एकामागून एक आलेली आहेत, हे फक्त आईला माहीत होतं.

शेवटी डॉक्टरबाईंनी आबांच्या डाव्या गळपट्टीच्या हाडावरचा खळगा बोटांनी चाचपला, बेंबी पाहिली, पोटात पाणी झालंय का ते पाहिलं. आजार पसरला असेल तर त्या ठिकाणी गाठ लागू शकते. तिथे काही लागलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: तोंडातून दुर्बीण, लवकरात लवकर. आणि तोंडी म्हणाल्या, “गोळ्या बदलून बघू, असं कुणी सांगितलं तर थांबू नका.”

आबा दुर्बिणीला तयार नव्हते. भाचीच्या सासऱ्याला दुर्बीण घातली आणि महिन्यात तो गेला, असं त्यांनी ऐकलेलं. आमच्याकडे हा समज फार खोल आहे, कारण माणसं दुर्बिणीपर्यंत पोचतातच इतक्या उशिरा की त्यानंतर थोडेच दिवस उरलेले असतात. मी बोललो, बहीण बोलली, ऐकेनात. शेवटी गावचे भगत आले. आबांनी त्यांच्याकडून मुळी घेतली होती. त्यांनी आबांचे डोळे पाहिले, नखं पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, “माझ्या हातचं नाही हे. पोरं नेतात तिथे जा.” त्यांच्या शब्दाने जे झालं ते आमच्या शिक्षणाने झालं नसतं. आरोग्य विभागाने भगतांना सोबत घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भागाला सुरत जवळ. नंदुरबारहून रेल्वेने नवापूरमार्गे गेलं की पोचलोच. तिथे दुर्बीण झाली. सकाळपासून उपाशीपोटी, घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपवून दातांत एक कडं, आणि थोड्याच मिनिटांत काम झालं. आबा बाहेर येऊन म्हणाले, “एवढंच?” जठराच्या खालच्या भागात कडा उचललेली जखम होती. तिच्या कडेचे अनेक तुकडे घेतले. एकच तुकडा घेतला तर नेमकी चांगली जागा हाती लागू शकते, म्हणून अनेक घेतात. अहवालात कॅन्सर आला.

उपचारांसाठी मुंबई गाठली. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१पासून आहे आणि आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या माणसांना त्याचं नाव पाठ असतं. केशरी शिधापत्रिकेवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्चाचा मोठा भाग निघाला. परळ-दादरच्या रस्त्यांवर फायली छातीशी धरून बसलेली माणसं पाहिली. त्यांतली कितीतरी धुळ्या-जळगावची, बोलीवरून ओळखू येणारी. सीटी स्कॅन झाला, पोटात छोट्या छिद्रातून कॅमेरा घालून आतली आवरणंही पाहिली. जवळच्या काही गाठींपर्यंत आजार गेला होता, यकृत आणि बाकीचं पोट मोकळं होतं. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग परत केमो असं ठरलं. चार औषधांची ही पद्धत जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीने सिद्ध केली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

केमोत आबांना उलट्यांपेक्षा थंडीचा त्रास जास्त झाला. स्टीलच्या पेल्याला हात लावला की बोटांत झिणझिण्या, गार पाणी घशाखाली टोचायचं. एका औषधाचाच तो गुण. ऐन उकाड्यातही आई पाणी कोमट करून द्यायची आणि पेल्याला फडकं गुंडाळायची. मग शस्त्रक्रिया झाली. जठराचा खालचा मोठा भाग आणि आसपासच्या गाठी काढल्या, उरलेलं जठर आतड्याला जोडलं. जठर कापून उरलेलं जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली व्हिएन्नात केली होती. त्यांची ती रुग्ण बाई शस्त्रक्रियेतून उठली, पण आजार उलटून काही महिन्यांतच गेली. आबा शस्त्रक्रियेतून उठले, घरी आले, आणि तपासण्यांना जात-येत आहेत. पुढचं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

त्यांचं खाणं आता दिवसात सहा-सात वेळा, मूठ-मूठभर. दादर ज्वारीची भाकरी उडदाच्या डाळीत भिजवून, सावकाश. गोड चहा एकदम प्यायला तर घाम फुटतो, धडधडतं, म्हणून चहा बिनसाखरेचा. लोह आणि बी-१२ची तपासणी कायमची मागे लागली आहे. कोयता बंद झाला. आईचाही.

मधल्या काळात मी डॉक्टरांशी पुष्कळ बोललो, वाचलंही. जपानमध्ये हा कॅन्सर खूप, म्हणून तिथे सरकार लक्षणं नसलेल्या माणसांचीही जठरं तपासतं. २०१६पासून पन्नाशीनंतर दुर्बिणीची शिफारस आहे. त्यामुळे तिथे निम्म्याहून अधिक रुग्ण अगदी सुरुवातीला सापडतात, आणि अशा अवस्थेत सापडलेले दहांतले नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आपल्याकडे मिझोराममध्ये या कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. महाराष्ट्रात ते कमी. म्हणून इथे प्रत्येकाला दुर्बीण घालणं योग्य नाही, परवडणारही नाही. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. म्हणजे जठराच्या बाबतीत आमच्या माणसांकडे उरतात ती फक्त लक्षणं. त्यातही हे खरं की अगदी कोवळ्या अवस्थेत हा आजार बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. काळी संडास, उतरतं वजन, गिळताना अडकणं, सततची उलटी यांपर्यंत येईतो तो थोडा पुढे गेलेला असतो. मग त्यानंतरचे महिने तरी गोळ्या बदलण्यात का घालवायचे? आबांना मे महिन्यात नेलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणी देत नाही. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते मात्र टाटामध्ये आमच्या शेजारच्या खाटांवर दिसत होतं.

बहिणीने तिच्या घरभेटींत एक गोष्ट सुरू केली आहे. चाळिशी ओलांडलेल्या गड्याचं रक्त कमी निघालं की ती त्याला प्रश्न विचारत नाही, त्याच्या बायकोला विचारते. भाकरी किती खातो. करदोडा, परकराची नाडी, बांगडी सैल झाली का. रुग्ण बाई असेल तर तिच्या मुलीला किंवा सुनेला विचारते. संडास गोळ्यांच्या आधीपासून काळी आहे का. आणि वाहकाचं कार्ड पुढे आलं तर ते बाजूला ठेवते. ग्रामीण रुग्णालयातल्या त्या डॉक्टरबाईंशी तिचं बोलणं झालेलं आहे, त्या अशी माणसं थांबवून न ठेवता पुढे पाठवतात. आजवर पाठवलेल्यांत कॅन्सर निघालेला नाही. एका म्हाताऱ्या मावशींना जंत निघाले, त्या औषधाने सुधारल्या. खापरच्या बाजूच्या एका गड्याला जठरात अल्सर निघाला आणि त्यात हेलिकोबॅक्टर.

हा जंतू आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात असतो आणि फार थोड्यांना त्यातून कॅन्सर होतो. पण जठरात जखमा करणारा जंतू असू शकतो हेच लोकांना पटत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो पिऊन स्वतःचं जठर सुजवून घेतलं आणि दाखवून दिलं. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. ज्याच्या सख्ख्या नात्यात हा कॅन्सर झाला आहे, त्याने जंतूची तपासणी करून घ्यावी असं डॉक्टर सांगतात. आम्ही भावंडांनी केली. माझी सकारात्मक आली. दोन आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स तोंड कडू करणारा असतो, तो पुरा केला. बहिणीची नकारात्मक.

राहिले काका, आबांचे धाकटे भाऊ. तेही पन्नाशी ओलांडलेले, तेही तंबाखू मळणारे, आणि पावसाळ्यापासून छातीखाली जळतं म्हणून तीच गोळी खाणारे. आम्ही सांगून थकलो. परवा आबांनी त्यांना घरी बोलावलं, शर्ट वर करून पोटावरचा टाका दाखवला आणि म्हणाले, “उचल घेऊ नको यंदा. आधी सुरतेला जा.” काकांनी मुकादमाला अजून होकार दिलेला नाही. सोमवारची दुर्बिणीची वेळ बहिणीने घेऊन ठेवली आहे. काकू सोबत जाणार आहेत; काय काय सांगायचं ते आई त्यांना रोज संध्याकाळी विचारून पक्कं करते आहे.